पोहणाऱ्या मुलीचा कान ठणकतोय: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ वर्षांची मुलगी, वजन वीस किलोच्या आसपास. महिनाभर रोज पोहायला जातेय. तीन दिवसांपासून उजवा कान दुखतोय. टी-शर्ट काढताना गळा कानाला घासला तरी किंचाळते. ताप नाही, सर्दी नाही. गेल्या वर्षी असंच झालं तेव्हा पोटातून घ्यायचं अँटिबायोटिक, थेंबांच्या तीन बाटल्या, पुवाची तपासणी आणि दवाखान्याच्या चार फेऱ्या झाल्या आणि महिना गेला. या वेळी तेवढा खर्च झेपणार नाही. घरच्या घरी काही करता येईल का, आणि डॉक्टरांकडे जावंच लागलं तर कमीत कमी कशात भागेल?

भागेल. तुमचं वर्णन कानाच्या बाहेरच्या नळीच्या सुजेचं वाटतं, पोहणाऱ्या मुलांना होते ती. कान-नाक-घशाच्या कामात मला पंचवीस वर्षं झाली. आमच्याकडे येणाऱ्या आजारांत इतक्या कमी खर्चात बरे होणारे फार थोडे आहेत. एकदा कोणीतरी कानात नीट डोकावून पाहायचं, कान पुसून कोरडा करायचा आणि थेंबांची एक बाटली आठवडाभर घालायची, बस. तरीही हा आजार महाग पडतो, आणि दर वेळी त्याच दोन कारणांनी. एक तर कान न बघताच औषधं बदलली जातात, नाहीतर औषध बरोबर असूनही ते आत पोहोचतच नाही. गेल्या वर्षी तुमच्या मुलीचं यातलं नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही, पण तीन बाटल्या लागल्या म्हटल्यावर दुसऱ्या कारणाचा वास येतो.

आधी आत काय बिघडलंय ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर असते, मुलांत त्याहून आखूड. तिच्या बाहेरच्या भागात मळ तयार होतो. मळाला आपण घाण समजतो, पण तो त्या नळीचा रेनकोट आहे: चिकट, पाणी न धरणारा आणि किंचित आम्ल. या आम्लपणामुळे जंतूंना तिथे मूळ धरता येत नाही. रोज तासभर पाण्यात राहिलं की मळ धुपतो, कातडी पांढरी पडून मऊ होते, जशी जास्त वेळ पाण्यात ठेवलेली बोटं सुरकुततात तशी. त्यात कोणी इअरबड फिरवून उरलासुरला मळही काढला आणि कातडीवर ओरखडा उठवला, की दार उघडंच. आत शिरणारे जंतू बहुतेक वेळा दोनच, स्युडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस. यातला स्युडोमोनास ओल्या जागांचा भोक्ता. तलाव स्वच्छ असला, क्लोरीन पुरेसं असलं तरी हे होऊ शकतं, कारण मुळात बिघडते ती कातडी. पाणी घाण असलं तर धोका वाढतो, एवढंच.

मग ती कातडी सुजते. नळीच्या आतल्या दोन-तृतीयांश भागात कातडीखाली लगेच हाड असतं, सुजायला जागाच नसते. म्हणून एवढ्याशा सुजेने मूल अख्खी रात्र जागवतं. मुलं नाटक करतायत असं वाटणाऱ्या पालकांना मी हे नेहमी सांगते: मोठी माणसंसुद्धा या दुखण्याने डोळ्यांत पाणी आणून बसतात.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे आणि ती फुकट आहे. कानाच्या भोकापुढे, गालाच्या बाजूला कूर्चेचा एक छोटा उंचवटा असतो. तो बोटाने हलकेच आत दाबा. मग कानाची वरची कड धरून कान जरासा वर-मागे ओढा. यात मूल ओरडलं तर दुखणं बाहेरच्या नळीचं असण्याची शक्यता खूप जास्त. पडद्यामागचा कान दुखत असेल, म्हणजे सर्दीनंतर होतो तसा, तर कान ओढून-दाबून फारसा फरक पडत नाही. तिथे बहुतेक आधी नाक वाहतं, ताप येतो, आणि कधी पडदा फुटून पू वाहायला लागला की ठणका अचानक कमी होतो. दोन्ही दुखण्यांचं औषध वेगळं आहे, म्हणून हा फरक महत्त्वाचा. तुम्ही लिहिलेलं टी-शर्टचं वर्णन वाचून मला अर्धं निदान मिळालं. पण अर्धंच. उरलेलं अर्धं कानात दुर्बीण घालूनच मिळतं.

हे दाखवणं टाळू नका. पैसे घालायचे तर या एका तपासणीवर घाला. ती तज्ज्ञाकडेच व्हायला हवी असंही नाही; मुलांचे डॉक्टर, फॅमिली डॉक्टर, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, ज्यांच्याकडे कानात बघायची दुर्बीण आहे आणि जे ती खरोखर वापरतात असे कोणीही चालतील. त्यांना पाहायचं असतं ते एवढंच: नळी कितपत सुजलीय, पडदा शाबूत आहे का, आत काही अडकलंय का, बुरशी दिसते का. गेल्याच महिन्यात पाच वर्षांच्या एका मुलाचा ‘पोहून झालेला’ कानदुखीचा आजार मी चिमट्याने बाहेर काढला. मण्याच्या आकाराचा खोडरबराचा तुकडा होता. दोन आठवडे त्याच्यावर थेंब पडत होते.

काही मुलांच्या बाबतीत घरी वाट बघणंच चूक. ताप चढलाय, कानामागे सूज येऊन कान पुढे आल्यासारखा दिसतोय, लाली कानाच्या पाकळीवर किंवा गालावर पसरतेय, चेहरा एका बाजूला वाकडा वाटतोय, गरगरतंय, मूल मलूल पडलंय, तर त्याच दिवशी दाखवा. मधुमेह असलेली किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारी मुलं, पूर्वी पडद्याला भोक पडलेली किंवा पडद्यात नळी बसवलेली मुलं, आणि दोन वर्षांखालची बाळं, यांचंही तसंच. कानात बटणासारखी छोटी बॅटरी गेल्याची नुसती शंका असली तरी त्याच तासाला निघा आणि कानात थेंबभरही काही घालू नका. ओल्या जागेत ती बॅटरी काही तासांत कातडी जाळते.

आता उपचार. पहिलं दुखणं, कारण थेंबांचा गुण यायला दोन दिवस लागतात आणि त्या दोन रात्री काढायच्या असतात. साधं पॅरासिटामॉल पुरतं, फक्त वजनावर मोजून द्या: किलोमागे १५ मिलिग्रॅम. वीस किलोला ३०० मिलिग्रॅम, निदान चार ते सहा तासांच्या अंतराने, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. लोक चुकतात ते चमच्यात. कुठल्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, कुठल्यात २५०. म्हणजे तेच ३०० मिलिग्रॅम एका बाटलीतून १२.५ मिलिलिटर होतात आणि दुसरीतून ६. ‘एक चमचा दिला, काही फरक नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. बाटलीवरचा आकडा वाचा, सोबतच्या मापानेच मोजा. पॅरासिटामॉलने भागलं नाही तर आयबुप्रोफेन, किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी. ते सूजही उतरवतं. पण मुलाला उलट्या-जुलाब होत असतील, पाणी कमी जात असेल, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय नको. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. पहिले दोन दिवस दुखण्याची वाट न बघता ठरल्या वेळी डोस द्यावा असं माझं मत आहे. दुखणं शिगेला गेल्यावर दिलेलं औषध उशिराच पोहोचतं. बाहेरून कोरड्या गरम फडक्याचा शेकही बरा वाटतो. बधिर करणारे कानाचे थेंब मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. दुखणं दबतं आणि आजार वाढला तरी कळत नाही.

दुसरी गोष्ट, कान साफ करणं, आणि ती डॉक्टरांनीच करायची. नळीत पू, सुटलेली कातडी, ओला मळ साचलेला असेल तर थेंब त्या चिखलावर पडतात, कातडीला लागतच नाहीत. सक्शनने किंवा सळईला कापूस गुंडाळून पाच मिनिटांत हे होतं. ‘एकदा पुसून द्याल का?’ असं तुम्ही होऊन विचारलंत तरी चालेल. पाण्याची पिचकारी मारून धुवायला मात्र सुजलेल्या कानात नको, पडदा दिसत नसेल तर नकोच नको. घरी तुम्ही बाहेर आलेलाच पू मऊ फडक्याने टिपा. करंगळी शिरते त्याच्या आत काही घालू नका.

तिसरी गोष्ट थेंब. इथे सगळ्यांत जास्त पैसे वाचतात.

या आजारात पोटातून घ्यायचं अँटिबायोटिक बहुतेक वेळा लागत नाही. हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत साध्या, न पसरलेल्या आजाराला पहिला उपचार थेंबांचाच सांगितलाय. कारण साधं आहे. ०.३ टक्के सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकांच्या थेंबात मिलिलिटरला ३००० मायक्रोग्रॅम औषध असतं. पोटातून घेतलेलं तेच औषध रक्तात मिलिलिटरमागे दोन-चार मायक्रोग्रॅमच्या आसपास पोहोचतं. आणि मुलांना सर्रास दिलं जातं ते अ‍ॅमॉक्सिसिलिन तर स्युडोमोनासवर चालतच नाही. सिरपची बाटली संपते, पोट बिघडतं, कान तसाच. सुरुवातीच्या काळात मीही देत होते. पालकांना ‘नुसतेच थेंब?’ असं वाटू नये म्हणून. त्यात औषधशास्त्र कमी आणि माझा भित्रेपणा जास्त होता. लाली कानाबाहेर पसरली, ताप आला, प्रतिकारशक्ती कमी असली, तर पोटातलं औषध लागतं, तेही स्युडोमोनासला लागू पडणारं.

थेंब कुठले? पडदा शाबूत असेल तर वापरात असलेल्या प्रकारांत बरं होण्याच्या दृष्टीने फार मोठा फरक नाही. सर्वांत स्वस्त म्हणजे २ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. कानाचा गेलेला आम्लपणा ते परत आणतं आणि स्युडोमोनासला ते सोसत नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये मोठ्या माणसांवर झालेल्या एका चाचणीत नुसत्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने लक्षणं जायला साधारण ८ दिवस लागले, त्यात सूज उतरवणारं स्टिरॉइड घातलं तर ७, आणि स्टिरॉइडसोबत अँटिबायोटिक असेल तर ६. पहिल्या आठवड्यात ते फार मागे नाही, पण आजार लांबला तर मागे पडतं, आणि सोललेल्या कातडीवर झोंबतं. म्हणून दुखणं सौम्य असेल तर मी ते देते. तुमच्या मुलीइतकं दुखत असेल तर नाही. रडणाऱ्या मुलाच्या कानात दिवसातून चार वेळा झोंबणारं औषध घालणं कागदावरच स्वस्त असतं. तिसऱ्या दिवशी घरातलं कोणीच ते घालत नाही.

निओमायसिन आणि पॉलिमिक्सिन ही दोन अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड यांचं जुनं मिश्रणही स्वस्त आणि चांगलं आहे, दोन अटींवर. पडदा शाबूत असल्याची खात्री हवी, कारण निओमायसिन आतल्या कानापर्यंत गेलं तर ऐकू येण्यावर परिणाम करू शकतं. आणि काहींना निओमायसिनची अ‍ॅलर्जी होते: दुखणं कमी होऊन खाज आणि लाली वाढली, पाकळीवर बारीक पुरळ उठलं, तर आजार वाढलेला नसतो, औषध बाधलेलं असतं. पडदा दिसत नसेल किंवा त्याला भोक असेल तर सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिनच सुरक्षित.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक गोष्ट. याच दोन औषधांचे ०.३ टक्क्यांचे डोळ्यांचे थेंब मिळतात, आणि कानाच्या बाटलीपेक्षा अनेकदा स्वस्त असतात. डोळ्यांचे थेंब निर्जंतुक असतात, झोंबत नाहीत, आणि आम्ही ते कानासाठी राजरोस लिहून देतो. तेव्हा चिठ्ठीवर कानाच्या आजाराला डोळ्यांचं औषध दिसलं तर घाबरू नका. उलट तुम्हीच विचारा, ‘यातलं डोळ्यांच्या थेंबातलं काही चालेल का?’ आणि ‘जेनेरिक नावाने लिहाल का?’ या दोन प्रश्नांना राग येणारा डॉक्टर मी क्वचितच पाहिलाय. उलटं मात्र कधीही करायचं नाही: कानाचे थेंब डोळ्यात घालायचे नाहीत.

बाटली किती पुरेल याचा हिशेब घरीच करता येतो. मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरले तर ५ मिलिलिटरच्या बाटलीत शंभरेक थेंब. सिप्रोफ्लॉक्सॅसिन-डेक्सामेथासोन (यातलं दुसरं स्टिरॉइड) दिवसातून दोनदा चार-चार थेंब, सात दिवस, असं घालतात: ५६ थेंब. एका कानाला एक बाटली पुरून उरते. दुसरी बाटली आणावी लागली तर एक तर थेंब जास्त पडतायत, नाहीतर बाहेर सांडतायत.

आणि सांडतातच. एक प्रसंग सांगते. नऊ वर्षांचा मुलगा, दहा दिवस थेंब चालू, काडीचा फरक नाही, आई पार वैतागलेली. मी म्हटलं, माझ्यासमोर घाला बघू, घरी घालता तसे. मुलगा स्टुलावर बसला, मान तिरकी केली. आईने थेंब टाकले, बरोबर चार मोजून. लगेच कापसाचा बोळा भोकात दाबला आणि मुलगा उठून पळाला. दोन मिनिटांनी मी तो बोळा काढून बोटांत पिळला. माझ्या हातमोज्यावर औषध टपकलं. दहा दिवस औषध कापूसच पीत होता. तीच बाटली, तेच थेंब, फक्त घालायची रीत बदलली, आणि चौथ्या दिवशी मुलगा रात्रभर झोपला.

ती रीत अशी. आधी बाटली मुठीत धरून दोन-तीन मिनिटं बसा. थंड थेंब आत गेले की मुलाला गरगरतं आणि पुढच्या वेळी ते कान देत नाही. गरम पाण्यात बाटली बुडवायची गरज नाही, हाताची ऊब पुरते. मूल कुशीवर झोपवायचं, दुखरा कान वर. बसवून नाही. तीन वर्षांपुढच्या मुलाचा कान हळूच वर आणि मागे ओढायचा म्हणजे नळी सरळ होते. त्याहून लहान बाळाचा खाली आणि मागे. दुखत असेल तर ओढण्याचा हट्ट नको, पुढचं काम महत्त्वाचं आहे. थेंब भोकाच्या मधोमध धपकन न टाकता कडेच्या भिंतीवरून ओघळू द्या. मधोमध टाकलात तर भोकावर औषधाचाच थर धरतो, आत हवा अडकते आणि थेंब तिथेच तरंगत राहतात. मग भोकापुढचा तो कूर्चेचा उंचवटा पाच-सहा वेळा हलके दाबा-सोडा, पंप मारल्यासारखं. कधी बारीक बुडबुड असा आवाज येतो आणि वर दिसणारं पाणी झटकन खाली उतरतं. तो क्षण दिसला की समजायचं, पोहोचलं.

आणि मग पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. घड्याळ लावून. अमेरिकन नौदलात दिवसेंदिवस दाबाच्या बंद खोलीत राहणाऱ्या, पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांना कान सुजू नये म्हणून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब रोज घालावे लागतात, आणि त्यांच्या नियमातही प्रत्येक कानाला पाच मिनिटं ठेवायचं असंच आहे. मुलांसाठी मी गोष्टीची शिफारस करते, पाच मिनिटांची एक गोष्ट, आणि गोष्ट संपेपर्यंत कान वर. उठल्यावर बाहेर ओघळेल ते पुसा. कापूस नको.

एवढं करूनही थेंब आत जात नसतील, म्हणजे नळी सुजून पार मिटली असेल, तर डॉक्टर आत एक बारीक वात ठेवतात. दाबून सुकवलेल्या स्पंजची काडी असते; औषध पडलं की ती फुगते आणि सुजलेल्या भिंतीपर्यंत औषध नेते. ठेवताना क्षणभर दुखतं. एक-दोन दिवसांत सूज उतरली की ती आपोआप घसरते किंवा डॉक्टर काढतात. मूल रडेल म्हणून ही वात टाळणं खर्चिक पडतं, कारण मग आठवडाभराचे थेंब पाकळीवरच सुकतात.

योग्य थेंब योग्य रीतीने पडले तर ४८ ते ७२ तासांत दुखणं उतरणीला लागायला हवं. संपायला नाही, उतरणीला लागायला. दुखणं थांबलं तरी सात दिवस पुरे करा. तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि नवी बाटली मागण्याआधी कान पुन्हा बघायला सांगा. या टप्प्यावर पुवाची तपासणी करायला अर्थ असतो. पहिल्याच दिवशी साध्या आजारात नसतो. एक्स-रे, स्कॅन यांचा तर साध्या आजारात प्रश्नच येत नाही.

दुखण्यापेक्षा खाज जास्त, कान भरल्यासारखा, आणि आत ओल्या टिपकागदासारखं पांढरं-करडं काहीतरी, त्यावर काळे ठिपके असं दिसलं तर ती बुरशी. अँटिबायोटिकचे थेंब आठवड्यांमागून आठवडे चालू ठेवले की ती हमखास बाजी मारते. मग कान साफ करून बुरशीचं औषध, बहुतेक १ टक्का क्लोट्रिमॅझोल. तेही स्वस्त आहे. गेल्या वर्षीचा महिना यात गेला नसेल ना, असं मला सारखं वाटतंय. जुन्या चिठ्ठ्या असतील तर या वेळी डॉक्टरांना दाखवा.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द, कारण स्वस्त म्हटलं की तेच आठवतं. आजार चालू असताना तेल नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, मेणबत्ती पेटवून मळ ओढायचे प्रकार तर मुळीच नकोत. त्याने मी भाजलेले कान पाहिलेत. घरच्या पांढऱ्या व्हिनेगरचा उपयोग आहे, पण तो आजार बरा झाल्यावर, पुन्हा होऊ नये म्हणून. त्यात साधारण ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं. तेवढंच ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलं की आम्ल अडीच टक्क्यांवर येतं आणि अल्कोहोलमुळे पाणी लवकर उडून जातं. पोहून आल्यावर प्रत्येक कानात काही थेंब, थोडा वेळ थांबून मान झुकवून निथळू द्यायचे. बाटलीवरचा टक्का वाचल्याशिवाय मात्र हात लावू नका. व्हिनेगर म्हणून कडक अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडही विकलं जातं आणि ते कातडी जाळतं. पडद्याला भोक असेल, नळी बसवलेली असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, आत इसब असेल, तर हे मिश्रण घालायचं नाही.

त्याहूनही स्वस्त म्हणजे कान कोरडे करणं. पाण्यातून बाहेर आलं की मान एका बाजूला झुकवून पाकळी इकडेतिकडे हलवायची, मग दुसरी बाजू, टॉवेलच्या टोकाने बाहेरचं टिपायचं. केस वाळवायचं यंत्र घरात असेल तर अगदी मंद वाऱ्यावर, हातभर लांबून, अर्धा मिनिट. टोपी कानांवरून ओढून घेतली तर थोडी मदत होते. कानात घालायची बुचं मला फारशी आवडत नाहीत; नीट बसत नसतील तर आतली कातडी खरवडतात आणि पाणी आत कोंडून ठेवतात. आणि इअरबडचा डबा घरातून बाहेर काढा. त्यासाठी तर पैसेही लागत नाहीत.

उपचार चालू असताना पोहणं बंद, सात ते दहा दिवस. शाळा चालू ठेवा, आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. डोक्यावरून अंघोळ करताना कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलीन लावून भोकावर ठेवा आणि अंघोळ संपताच काढा. हा बोळा औषध पीत नाही, पाणी अडवतो. मुलगी स्पर्धेला उतरणार असेल आणि दहा दिवस फारच जड जात असतील, तर दुखणं पूर्ण थांबून दोन-तीन दिवस गेल्यावर, तिच्या मापाची घट्ट बसणारी बुचं घालून, डोकं फार वेळ पाण्याखाली न नेता सुरू करायला मी परवानगी देते. पुन्हा ठणकलं की बाहेर.

उरलेले थेंब पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवावेसे वाटतील. डोळ्यांचे किंवा कानाचे थेंब उघडल्यापासून किती दिवस चालतात ते बाटलीवर लिहिलेलं असतं, बहुतेकांवर चार आठवडे. उघडल्याची तारीख पेनाने लेबलवर टाका आणि मुदत संपली की फेकून द्या. धाकट्याचा कान दुखला तर ती बाटली त्याच्या कानात घालू नका. आधी त्याचा कानापुढचा उंचवटा दाबून बघा, तो ओरडतो का.